बिनआरशाचा कॅमेरा घ्यावा काय?

एखाद्या ग्रंथाची ‘सुधारून वाढविलेली’ आवृत्ति परीक्षणासाठीं हातीं आली म्हणजे परीक्षकापुढें दोन प्रश्न उभे राहतात. ज्याच्यापाशीं पूर्वींची आवृत्ति नाहीं त्यानें ही घ्यावी काय, हा पहिला. आणि ज्याच्या कपाटांत पूर्वींची आवृत्ति आधींच आहे, जिच्या समासांत त्याच्या हातच्या खुणा आहेत, त्यानेंहि ही घ्यावी काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सोपें असतें व बहुतेक परीक्षणें तेवढेंच देऊन थांबतात. दुसऱ्याचें उत्तर ग्रंथ पाहून मिळत नाहीं. तें कपाट पाहून, किंबहुना कपाटाच्या धन्याचें वाचन पाहून द्यावें लागतें. आज आम्हांस ज्या वस्तूचें परीक्षण करावयाचें आहे ती ग्रंथ नसून कॅमेरा आहे. परंतु प्रश्न नेमका हा दुसरा आहे, आणि तो आमच्यापुढें गेलें वर्षभर घरांत, प्रवासांत व रात्रीं अंथरुणास पाठ टेकल्यावरहि उभा आहे.

कपाटांत काय आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. निकॉन कंपनीनें २०१४ च्या सप्टेंबरांत जाहीर केलेला डी ७५० हा कॅमेरा. २४ मेगापिक्सेलांचा फुल-फ्रेम सेन्सर, फोकसचे ५१ बिंदु, दोन कार्डांची सोय. त्याच्या जोडीस २४ ते १२० मिलिमीटरचा एक झूम आणि कॅमेऱ्याहूनहि जुन्या, ‘डी’ जातीच्या, ५० व ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्सेस. घ्यावा कीं न घ्यावा हा जो वाद आहे तो त्याच कंपनीच्या झेड ६ या बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्याच्या तिसऱ्या आवृत्तीविषयीं. ती जून २०२४ मध्यें निघाली. निघाली तेव्हां नुसत्या बॉडीची किंमत आपल्याकडे अडीच लाख रुपयांच्या घरांत होती. एक लेन्स, नव्या जातीचें कार्ड, जुन्या लेन्सेस बसविण्याचें जोडकडें इत्यादि धरलें तर हिशेब तीन लाखांच्या पलीकडे जातो. मध्यमवर्गीय कुटुंबांत एवढी रक्कम छंदावर खर्चावयाची म्हणजे घरांतल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीस ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असें सांगावें लागतें, आणि सांगणाऱ्यास आपलें समर्थन नीट करतां आलें पाहिजे. प्रस्तुत लेख हा एका अर्थीं त्या समर्थनाचा खर्डा आहे; तो लिहितां लिहितां पुष्कळदां उलट बाजूस गेला हें आम्ही लपवीत नाहीं.

सोनी व कॅनन यांचे याच तोलाचे कॅमेरे विचारांत कां घेतले नाहींत असें कोणी विचारील. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. ज्याच्या घरीं एका कारखान्याच्या लेन्सेस आहेत त्याचें स्वातंत्र्य तेवढ्यापुरतें संपलेलें असतें. खरी सोयरीक लेन्सांशी होते. बॉडी ही वऱ्हाडाबरोबर येते.

‘फुल-फ्रेम’ हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं त्यांत ‘पूर्ण’ तें काय, हें कोणी विचारीत नाहीं. जर्मनींतील वेट्झलार येथें ऑस्कर बार्नाक यानें १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून तिच्यावरील दोन चौकटींची एक चौकट केली. ती भरली २४ बाय ३६ मिलिमीटर. १९२५ सालीं लायप्झिगच्या व्यापारी जत्रेंत लायका या नांवानें तो कॅमेरा लोकांपुढें आला आणि पुढें तेंच जगाचें माप झालें. हातभर काचेवर चित्रें घेण्याची संवय असलेल्या त्या पिढीस ही चौकट म्हणजे पोरखेळ वाटली असल्यास नवल नाहीं. आज तिलाच आपण पूर्ण म्हणतों, कारण साध्या डिजिटल कॅमेऱ्यांतील एपीएस-सी नांवाचा सेन्सर क्षेत्रफळानें तिच्या निम्म्याहूनहि लहान असतो. आणखी एक गंमत अशी कीं, त्या मूळच्या लायकांत आरसा नव्हताच. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत आरसा ठळकपणें आला तो १९३६ च्या किने-एक्झाक्टाबरोबर, आणि १९५९ च्या निकॉन एफ नें त्याचें राज्य पक्कें केलें. तें राज्य सुमारें साठ वर्षें चाललें. सोनीनें २०१३ सालीं आपला पहिला बिनआरशाचा फुल-फ्रेम कॅमेरा काढला, निकॉन व कॅनन यांनीं २०१८ मध्यें, एकमेकांपासून पंधरा दिवसांच्या अंतरानें, आपापलीं निशाणें उतरविलीं, आणि आरशाचा कॅमेरा नव्यानें रचण्याचें काम त्यानंतर लौकरच थांबलें. तेव्हां ज्यास नवयुग म्हणून गाजविलें जातें तें एका बाजूनें पाहिलें तर जुन्या घरीं परत येणेंच आहे.

आरसा असतो म्हणजे काय होतें? लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर प्रिझममध्यें जाऊन डोळ्यापर्यंत पोंचतो. बटन दाबतांच आरसा वर उडतो, शटर उघडून मिटतें, आरसा पुन्हां खालीं येतो. हा सारा खटाटोप क्षणाच्या लहानशा अंशांत उरकतो, आणि उरकतांना आवाज करतो. बिनआरशाच्या यंत्रांत प्रकाश सेन्सरवर सतत पडत असतो व डोळ्यापुढें असतो तो एक चिमुकला पडदा. आरसा गेला म्हणजे त्याच्यासाठीं राखून ठेवलेली जागाहि मोकळी होते. निकॉनच्या जुन्या माउंटांत लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सर ४६.५ मिलिमीटर दूर असे. नव्यांत तें अंतर १६ मिलिमीटर आहे, आणि माउंटाचें तोंड ४४ वरून ५५ मिलिमीटर झालें आहे. लेन्स रचणाऱ्यास ही मोठीच मोकळीक आहे. नव्या लेन्सेस अगदीं कोपऱ्यापर्यंत स्वच्छ रेखाटतात त्याचें बरेंच श्रेय या मोकळिकीस आहे. म्हणून आरसा काढला तो केवळ फॅशन म्हणून, हा जुन्या मंडळींचा आरोप आम्हांस मान्य नाहीं.

या कॅमेऱ्यांवरील परीक्षणवाङ्मय अफाट आहे, आणि वाङ्मय म्हणून तें फार एकसुरी आहे. प्रत्येक नवी बॉडी क्रांति करते; दोन वर्षांनीं तीच बॉडी ‘अजूनहि चालण्याजोगी’ ठरते. विटांच्या भिंतीचें चित्र घ्यावयाचें, तें चारपट मोठें करून पाहावयाचें आणि मग सुस्कारा टाकावयाचा, ही त्यांतील ठराविक पद्धति होय. काव्याच्या परीक्षकानें कविता न वाचतां खिळ्यांचें मोजमाप द्यावें तशांतला हा प्रकार. मोजमाप करणाऱ्यांत कांहीं लोक मात्र खरोखर प्रामाणिक व चिकट आहेत. ज्या एका दोषाचा उल्लेख आम्ही पुढें करणार आहों तो त्यांनींच उजेडांत आणला. आमची तक्रार एवढीच आहे कीं या वाङ्मयांत ‘कोणासाठीं’ हा शब्द क्वचित् भेटतो.

तेव्हां आम्हीं दुसरा मार्ग धरला. गेल्या वर्षांतलीं आमचीं फुकट गेलेलीं चित्रें काढून एक रविवार त्यांच्यापुढें बसलों. हा अनुभव सुखाचा नव्हता. बहुसंख्य चित्रें बिघडलीं होतीं तीं आमच्यामुळें: उभें राहण्याची जागा चुकली होती, प्रकाश नीरस होता, किंवा क्षण निघून गेल्यावर बोट दाबलें गेलें होतें. यांपैकीं एकहि चूक अडीच लाखांनीं दुरुस्त होणारी नव्हती. कॅमेऱ्याच्या माथीं मारतां येतील अशीं चित्रें शेंकडा दहाहि निघालीं नाहींत. आणि त्यांतील बहुतेकांचा दोष एकच होता. चेहरा चौकटीच्या कडेस आणि फोकस डोळ्यावर न पडतां कानावर. डी ७५० चे ५१ फोकस-बिंदु चौकटीच्या मध्यावर दाटीवाटीनें बसविलेले आहेत. कडेचा चेहरा टिपावयाचा तर आधीं मध्यावर फोकस धरावा आणि मग कॅमेरा वळवावा लागतो. ८५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी ठेवून जवळून असें वळलें कीं, बोटभर फरकानें डोळा निसटतो.

परंतु चित्रांचा आणखी एक वर्ग होता, आणि तो संगणकावर दिसत नव्हता, कारण तीं चित्रें आम्हीं घेतलींच नव्हतीं.

आम्ही छायाचित्रें घेतों तीं मुख्यतः गाण्याच्या खासगी बैठकींत. पुण्यांत अजूनहि अशा घरगुती बैठकी होतात. सतरंजीवर तीस-चाळीस माणसें, ध्वनिक्षेपक नाहीं, आणि गाणारा हाताच्या अंतरावर. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका बैठकींत एक वयोवृद्ध गायिका सायंकाळच्या रागाचा आलाप नुकता कोठें मांडीत होत्या. तबला अजून गप्प होता. त्यांनीं डोळे मिटून हात किंचित् उचलला आणि आम्हीं बटन दाबलें. कॅमेऱ्याची ‘शांत’ म्हणविणारी कळ लावलेली होती. तिनें आरशाचा खटका मऊ होतो, नाहींसा होत नाहीं. त्या थांबल्या नाहींत. त्यांनीं डोळे उघडून एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि जी स्वरावलि त्या घेऊं लागल्या होत्या ती तेथेंच सोडून पुन्हां षड्जावर आल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं. यजमानांनीं मागाहून चहाहि नेहमीच्याच आदरानें दिला. परंतु ती सोडून दिलेली स्वरावलि आमच्या मनांत अजून अपुरी आहे. त्या दिवसापासून तबल्याचा ठेका सुरू होईपर्यंत आम्ही कॅमेरा मांडीवरून उचलीत नाहीं, आणि पुढेंहि समेवर ‘वाहवा’ उठते तिच्या आडोशानेंच चित्र घेतों. याचा परिणाम संग्रह चाळतांना प्रथमच ध्यानांत आला: आमच्यापाशीं असलेले सारे गायक समेवरच आहेत. हात फेंकलेला, मान उडालेली, समोरच्यांचीं तोंडें प्रसन्न. आलाप एकाहि चेहऱ्यावर नाहीं.

हें ध्यानांत आल्यावर कपाटाचा प्रश्न निराळ्या रीतीनें मांडतां आला. नवा कॅमेरा ‘चांगला’ आहे काय, हें आतां आम्हांस विचारावयाचें नव्हतें. तो आम्हांस आलाप देईल काय, आणि त्याच्या बदल्यांत काय मागेल, एवढेंच पाहावयाचें होतें.

किरकोळ गुणदोष प्रथम उरकून घेऊं. बिनआरशाचा कॅमेरा हलका, असा सार्वत्रिक समज आहे. डी ७५० बॅटरी व कार्डासह ८४० ग्रॅम भरतो, नवा ७६० ग्रॅम. ही जी ऐशीं ग्रॅमांची मिळकत, ती जुनी लेन्स बसविण्याचें सव्वाशें ग्रॅमांचें जोडकडें चढवितांच बुडते व वर पंचेचाळीस ग्रॅमांचें कर्ज होतें. बॅटरीचें तर बोलावयासच नको. एकाच प्रमाणित मापानें जुन्यांत १,२३० चित्रें निघतात आणि नव्यांत, डोळ्याच्या पडद्यावर पाहून घेतल्यास, ३६०. प्रत्यक्षांत दोन्हीकडे अधिक निघतात, पण प्रमाण बहुधा तेंच राहतें. रात्रभराच्या मैफलीस दोन जादा बॅटऱ्या खिशांत हव्यात. व्हिडिओविषयीं परीक्षकांनीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. आम्ही व्हिडिओ घेत नाहीं. मेगापिक्सेल दोन्हींत जवळजवळ सारखे आहेत.

फोकसच्या बाबतींत मात्र नव्याची सरशी निर्विवाद आहे. सेन्सरवरच फोकसचे बिंदु असल्यामुळें ते चौकटीभर पसरलेले आहेत, आणि यंत्र डोळा ओळखून त्यास धरून ठेवतें. आमच्या नासलेल्या चित्रांपैकीं कानावर फोकस गेलेलीं जीं होतीं, तीं सारीं येथें वांचलीं असतीं. समईच्या उजेडांतहि तें चांचपडत नाहीं. याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाहीं. जे लोक यास यांत्रिक कुबडी म्हणून नाकें मुरडतात त्यांनीं साठीनंतर काळोख्या खोलींत हातानें फोकस धरून दाखवावा.

आतां मुख्य मुद्दा. आवाज न करतां चित्र घेणें बिनआरशाच्या बहुतेक कॅमेऱ्यांना साधतें. शटर बंद ठेवून सेन्सरकडूनच चित्र वाचून घेतलें कीं झालें. पण सेन्सर हें वाचन एकदम करीत नाहीं. पोथी वाचावी तसा तो ओळीमागून ओळ, वरून खालीं वाचीत जातो. वाचन संथ असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोंचेतों तबलजीचा हात हललेला असतो, आणि चित्रांत तो हात वितळलेल्या मेणासारखा वांकडा येतो. त्याहून वाईट म्हणजे हल्लींचे एलईडी दिवे डोळ्यास न कळेल अशा वेगानें लुकलुकत असतात. त्यांच्या उजेडांत संथ वाचनानें चित्रावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात, जणूं गायक खिडकीच्या गजांमागें बसला आहे. झेड ६ च्या पहिल्या दोन आवृत्तींची हीच अडचण होती: मौन होतें, पण तें बैठकींत वापरतां येत नव्हतें. तिसऱ्या आवृत्तींत सेन्सरच्या वरच्या व खालच्या कांठांस जलद मंडलें रचून हें वाचन दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारें साडेतीन पट वेगवान केलें आहे. या जातीचा, म्हणजे अंशतः थर दिलेला, सेन्सर फुल-फ्रेममध्यें प्रथम यांतच आला. संपूर्ण थर दिलेले सेन्सर याहूनहि वेगवान आहेत. २०२१ च्या झेड ९ मध्यें तर यांत्रिक शटर ठेवलेलेंच नाहीं. परंतु त्यांच्या किंमती आमच्या चर्चेच्या बाहेरच्या.

येथें एका स्वस्त पर्यायाचा विचार केला पाहिजे, कारण आमच्या घरीं तो आम्हांस ऐकविण्यांत आला. एप्रिल २०२५ मध्यें झेड ५ ची दुसरी आवृत्ति निघाली. अमेरिकेंत झेड ६ ची तिसरी आवृत्ति २,५०० डॉलरांस निघाली होती, तर ही १,७०० डॉलरांस. फोकसची नवी हुशारी तिच्यांतहि आहे, चित्र उत्तम येतें, कार्डें साधींच चालतात. ज्यास घरची मुलें, प्रवास व लग्नकार्यें टिपावयाचीं आहेत त्यानें हीच घ्यावी. आठशें डॉलर अधिक देण्याचें त्यास कारण नाहीं. पण सेन्सर जुन्या, संथ वाचनाचा. म्हणजे आम्हांस ज्या एका गोष्टीसाठीं बदल हवा तीच तिच्यांत नाहीं. निकॉनचाच २०१७ चा डी ८५० जुन्या बाजारांत घ्यावा असेंहि एकानें सुचविलें. तोहि निःशब्द चित्र घेऊं शकतो, परंतु आरसा वर अडकवून, पाठीमागच्या पडद्याकडे पाहत, आणि वाचनाचा वेग तितपतच.

वेगाची किंमत काय? हाच तो मघां उल्लेखिलेला दोष. आयएसओ १०० वर घेतलेल्या चित्राचा काळोखा भाग संगणकावर उजळूं लागलें तर नव्या सेन्सरांत दाणे अधिक दिसतात. मागच्या आवृत्तीहूनहि अधिक. डी ७५० चा सेन्सर नेमका याच गुणासाठीं नांवाजलेला होता, आणि या एका बाबतींत दहा वर्षांपूर्वींचें यंत्र आजच्याहून वरचढ आहे असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. राजगडच्या सुवेळा माचीवरून सूर्योदय घेणाऱ्यास हा फरक खरा आहे: वर आकाश पेटलेलें, खालीं दरी काळोखांत, आणि दरींतली झाडी मागाहून वर काढावयाची. अशा माणसानें ‘नवें म्हणजे अधिक चांगलें’ असें समजून पैसे मोजले तर तो फसेल. पण आयएसओ ८०० पासून पुढें हा फरक जवळजवळ मावळतो, आणि बैठकींत आम्ही ३,२०० च्या खालीं क्वचितच असतों. म्हणजे हा सौदा असा आहे कीं, यंत्र जें गमावतें तें गडावर गमावतें आणि जें मिळवितें तें बैठकींत मिळवितें. परीक्षणांतील आलेख एकाच कागदावर असल्यामुळें ही गोष्ट त्यांत दिसत नाहीं.

राहिल्या आमच्या ‘डी’ जातीच्या दोन लेन्सेस. त्यांच्या पोटांत फोकसची मोटर नाहीं. ती जुन्या बॉडींत असते व एका लहानशा दांड्यानें लेन्स फिरविते. निकॉनच्या जोडकड्यांत तो दांडा नाहीं. तेव्हां नव्या बॉडीवर या लेन्सेस बसतील, चित्रहि देतील, पण फोकस हातानेंच धरावा लागेल. १९५९ पासून एकच माउंट चालवून जुन्या गिऱ्हाइकाचा मान राखणाऱ्या कारखान्यानें हें करावें याचें आम्हांस वाईट वाटतें. पण रागाच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. तो दांडा फिरतांना किर्र असा आवाज होतो. आरसा जाऊन दांडा राहिला असता तर आलापांत त्याचाहि उपसर्ग झालाच असता. मौन हवें असेल तर ८५ मिलिमीटरची लेन्सहि नवीच हवी, आणि येथेंच हिशेब तीन लाखांची वेस ओलांडतो.

इतकें कागदावर झाल्यावर आम्हीं तें यंत्र नव्या ८५ मिलिमीटरच्या लेन्ससह दोन दिवस भाड्यानें आणलें आणि त्याच यजमानांच्या घरीं, दुसऱ्या एका गायकाच्या बैठकीस, नेऊन बसविलें. तानपुरे जुळले, षड्ज लागला, आणि आम्हीं कित्येक वर्षांनीं प्रथमच आलापांत कॅमेरा उचलला. बटन दाबलें, कांहींच झालें नाहीं. दाबलें गेलें कीं नाहीं याची शंका येऊन पुन्हां दाबलें. शेजारच्या गृहस्थांनीं मानहि वळविली नाहीं. या अनुभवाचें वर्णन अतिशयोक्तीवांचून करणें कठीण आहे, म्हणून तें येथेंच सोडतों.

घरीं येऊन मोजलीं तों १,१४० चित्रें. जुन्या कॅमेऱ्यानें एका बैठकींत साठ-सत्तर होत. त्या अकराशेंत ठेवण्याजोगीं अकरा. तेवढीं तर पूर्वींहि निघत. यजमानांच्या दिवाणखान्यांत मागच्या कोनाड्यावर निळसर एलईडीची पट्टी लावलेली होती. तिच्या उजेडांतील कांहीं चित्रांवर फिकट पट्ट्या उमटल्याच. वेगवान म्हणजे तात्काळ नव्हे. पाठीमागचा पडदा अंधारांत चमकतो, तो आधींच मिटून ठेवावा हें मागच्या रांगेंतल्या एका बाईंनीं आम्हांस सांगितलें तेव्हां कळलें. आणि परततांना बरोबरच्या स्नेह्यानें विलंबिताच्या बंदिशीविषयीं कांहीं विचारलें, तेव्हां आम्हांस ती आठवेना. आम्हीं ती ऐकलीच नव्हती. खटक्याच्या भीतीनें मांडीवर पडून राहणारा कॅमेरा आम्हांस इतकीं वर्षें गाणें ऐकूं देत होता, हें त्याचें काम कोणत्याहि परीक्षणांत नमूद नाहीं.

डोळ्यापुढच्या पडद्याविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. आरशांतून गायक दिसत असे. येथें गायकाचें चित्र दिसतें. चित्र कसें येणार हें आधींच कळतें, उजेडाचा अंदाज चुकत नाहीं, हा लाभ मोठा आहे व नवशिक्यास तर अमोल आहे. परंतु दोन तास पडद्याकडे पाहून आम्ही मान वर केली तेव्हां समोरचा मनुष्य आम्हांस क्षणभर अपरिचित वाटला. हा दोष वयाचा असेल, संवयीचा असेल. तो यंत्राच्या खात्यावर मांडण्याचा आमचा आग्रह नाहीं.

मग त्या अकरा चित्रांत निराळें काय होतें? तीन चित्रें आलापांतलीं होतीं. त्यांपैकीं एकांत गायकाचे डोळे मिटलेले आहेत, डावा हात स्वरमंडलावर निजलेला, तोंड उघडलेलें पण स्वर अजून बाहेर पडावयाचा आहे. मागें तानपुऱ्यावरील मुलगी त्याच्याकडे पाहत आहे, पुढें काय येणार हें तिलाहि ठाऊक नाहीं. चित्र निर्दोष नाहीं. डाव्या अंगाला कोणाचा तरी गुडघा आला आहे. पण असें चित्र आमच्यापाशीं दुसरें नाहीं, आणि आरशाच्या कॅमेऱ्यानें तें घेण्याचें धाडस आम्हीं केलें नसतें. केलें असतें तर तो स्वर आला नसता.

तेव्हां आमचा निर्णय असा. ज्यांच्यापाशीं डी ७५० किंवा त्याच्या तोलाचा आरशाचा कॅमेरा आहे, आणि जे डोंगर, देवळें, मुलेंबाळें व सणवार टिपतात, त्यांनीं नवी बॉडी घेऊं नये. त्या पैशांत प्रवास करावा. ज्यांस मौनाची गरज आहे, मग ती गाण्यासाठीं असो, नाटकासाठीं असो कीं झोपलेल्या तान्ह्या मुलासाठीं, त्यांनीं झेड ६ ची तिसरीच आवृत्ति घ्यावी. तिच्या खालची घेऊन पैसे वांचविण्यांत अर्थ नाहीं. आम्ही ती एका लेन्ससह घेत आहों. घरांत ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असें ज्या गोष्टीस सांगावें लागलें ती कोणती, हें वाचकांस सांगण्याची परवानगी आम्हांस नाहीं.

जुन्या बॉडीचे दुकानदारानें देऊं केलेले पैसे आम्हीं घेतले नाहींत. ती व दोन्ही ‘डी’ लेन्सेस एकाच पिशवींत आहेत. पाऊस उघडला कीं ती पिशवी राजगडावर जाईल.